समुद्राचे तुषार आणि दूरच्या महासागरांवरचे ढग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किनाऱ्यापासून हजारो किलोमीटर आत, जिथे ना धुरांडे ना रस्ता, तिथली हवा म्हणजे निव्वळ हवा, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात त्या हवेतही दर घन सेंटिमीटरमागे शंभर-दोनशे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात. त्यांतले निम्मेशिम्मे कण तिथल्या ढगांचे थेंब किती, ते केवढे, ढग किती पांढरा आणि तो कधी बरसणार, हे सगळे ठरवतात. हे कण येतात कुठून आणि करतात काय, याबद्दल पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न येथे घेतले आहेत.

समुद्रावर वाफ भरपूर असते. मग ढगाला कणांची गरजच काय?

वाफेच्या रेणूंनी नुसते एकमेकांना धरून थेंब करायचा म्हटला, तर सुरुवातीचा थेंब इतका चिमुकला असतो की त्याच्या तीव्र वक्रतेमुळे पाणी लगेच पुन्हा उडून जाते. अगदी निर्मळ, कणविरहित हवेत थेंब तयार व्हायला सापेक्ष आर्द्रता चारशे टक्क्यांच्याही वर न्यावी लागते. निसर्गात असे कधी होत नाही. समुद्रावरच्या ढगांत आर्द्रता शंभराच्या वर जाते ती फक्त टक्क्याच्या काही दशांशांनी, म्हणजे 100.1 ते 100.5 च्या आसपास.

एवढ्याशा जादा वाफेवर थेंब तयार होतो, कारण वाफेला बसायला आयती जागा मिळते. पॉल-जाँ कुलिए या फ्रेंच संशोधकाने 1875 मध्ये आणि पुढे स्कॉटलंडच्या जॉन एटकिन यांनी हे प्रयोगाने दाखवले : गाळलेल्या हवेत धुके पडत नाही, साध्या हवेत लगेच पडते. ज्या कणावर थेंब धरतो त्याला शास्त्रीय भाषेत सांद्रीभवन केंद्रक म्हणतात. येथे आपण त्याला बीजकण म्हणू.

कण पाण्यात विरघळणारा असेल तर काम आणखी सोपे होते. विरघळलेले मीठ पाण्याला धरून ठेवते, वक्रता त्याला हाकलते. या ओढाताणीत कोण जिंकणार, हे कणाच्या आकारावर आणि घटकांवर ठरते. त्याचे गणित स्वीडनच्या हिल्डिंग कोलर यांनी मांडले आणि 1936 चा त्यांचा शोधनिबंध आजही या विषयाचा पाया आहे. त्यांना हे सुचण्यामागे समुद्रच होता. डोंगरावर ढगातून गोठून जमलेले हिम वितळवून त्यांनी त्यातले क्लोराइड, म्हणजे समुद्री मिठाची खूण, मोजले होते.

समुद्रातून कण हवेत जातात कसे? लाट खडकावर आपटून उडते ते पाणी म्हणजेच का?

ते डोळ्यांना दिसते, पण त्याचा वाटा नगण्य आहे. मुख्य कारखाना खुल्या समुद्रावर चालतो आणि तो बुडबुड्यांचा असतो.

वाऱ्याने लाट फुटली की ती आपल्यासोबत हवा खाली ओढते. त्या हवेचे असंख्य बुडबुडे होतात आणि वर येऊन फेसाच्या रूपात पृष्ठभागावर साचतात. आपण ज्याला लाटेची पांढरी शेंडी म्हणतो ती हीच. बुडबुडा फुटताना दोन वेगळ्या गोष्टी घडतात. पहिली : त्याच्या माथ्यावरची पाण्याची पातळ कातडी फाटते आणि तिच्या चिंध्यांचे बारीक थेंब होतात. मोठ्या बुडबुड्याच्या कातडीतून असे शेकडो थेंब निघू शकतात आणि त्यातले बरेचसे सुकल्यावर मायक्रॉनपेक्षाही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही, लहान राहतात. दुसरी : कातडी गेल्यावर उरलेला खळगा सगळ्या बाजूंनी आत कोसळतो, तळातून पाण्याची एक बारीक कारंजी उसळते आणि तिचे तुटून काही थेंब वर फेकले जातात. हे थेंब संख्येने कमी, पण आकाराने मोठे, बुडबुड्याच्या व्यासाच्या साधारण एक दशांश. छोट्या बुडबुड्यांतून मुख्यतः ही कारंजीच निघते.

वारा आणखी जोर धरतो तेव्हा, साधारण दर सेकंदाला 10 मीटरच्या पुढे, तो लाटांच्या माथ्यावरचे पाणी सरळ ओरबाडून नेतो. हे थेंब एवढे जड असतात की बहुतेक लगेच परत पाण्यात पडतात. ढगांपर्यंत जातात ते बुडबुड्यांचे बारीक थेंब.

पाण्यातून सुटलेला थेंब वाटेत सुकत जातो. समुद्राच्या किलोभर पाण्यात 35 ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे पूर्ण सुकल्यावर कणाचा व्यास मूळ थेंबाच्या साधारण एक चतुर्थांश राहतो. पण समुद्रावरची हवा बहुतेक वेळा इतकी दमट असते की तो पूर्ण सुकतच नाही. सापेक्ष आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांच्या वर असली की मीठ पाणी ओढून पुन्हा थेंब बनते. म्हणून समुद्रावर तरंगणारा ‘मिठाचा कण’ डोळ्यांसमोर आणताना स्फटिक नव्हे, तर खारट पाण्याचा घट्ट थेंब आणावा.

वारा दुप्पट झाला तर फेस दुप्पट होतो का?

नाही, जवळजवळ दहापट होतो. 1980 मध्ये मोनाहन आणि ओमुर्खरताय या संशोधकांनी वाऱ्याचा वेग आणि फेसाने झाकलेले क्षेत्र यांचे जे सूत्र दिले, त्यात फेस वेगाच्या 3.41 व्या घाताने वाढतो. सेकंदाला 5 मीटर वाऱ्यात समुद्राचा हजारावा भाग पांढरा असतो, 10 मीटर वाऱ्यात शंभरावा. पुढच्या मोजमापांत हा घात थोडा इकडे-तिकडे सरकला, पण वारा वाढला की फेस झपाट्याने वाढतो, ही गोष्ट कायम राहिली.

म्हणूनच दक्षिण गोलार्धात 40 ते 60 अक्षांशांदरम्यान, जिथे पश्चिमी वाऱ्यांना अडवायला जमीनच नाही, तिथे तुषारांचे राज्य आहे. वस्तुमानाने पाहिले तर समुद्री मीठ हे पृथ्वीच्या हवेतल्या नैसर्गिक कणांमध्ये सगळ्यात मोठ्या घटकांपैकी एक आहे. दर वर्षी शेकडो कोटी टन मीठ हवेत जाते आणि त्यातले बहुतेक लवकरच परत समुद्रात पडते.

म्हणजे दूरच्या महासागरांवरचे ढग मिठावरच उभे असतात?

हा सगळ्यात पसरलेला गैरसमज आहे आणि तो समजण्यासारखाही आहे. गोंधळ होतो तो वजन आणि संख्या यांत. ढगाच्या दृष्टीने एका कणाला एकच मत असते, मग तो कण केवढाही असो. समुद्री मिठाचे बरेचसे वजन थोड्या मोठ्या कणांत अडकलेले असते. एक मायक्रॉनचा एक कण फोडून एक दशांश मायक्रॉनचे हजार कण होतील. वजन तेवढेच, पण ढगाच्या हिशेबात हजारपट फरक.

2017 मध्ये पॅट्रिशिया क्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक सागरी सफरींतली मोजमापे एकत्र करून दाखवले की बहुतेक समुद्रांवर बीजकणांमध्ये तुषारांपासून आलेल्या कणांचा वाटा 30 टक्क्यांहून कमी असतो. अपवाद दक्षिणेकडच्या उच्च अक्षांशांचा. तिथे, विशेषतः हिवाळ्यात, तुषारांना मोठे महत्त्व येते, कारण इतर कण तेव्हा फारसे नसतातच.

मग उरलेले बीजकण येतात कुठून?

पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींकडून, म्हणजे वनस्पती प्लवकांकडून, पण आडवाटेने. ही वाट इतकी सुंदर आहे की ती सावकाश सांगायला हवी.

प्लवक आपल्या पेशीत गंधकयुक्त एक पदार्थ साठवतात. ते मेले, कोणी खाल्ले किंवा विषाणूंनी फोडले, की त्यापासून डायमिथिल सल्फाइड, म्हणजे डीएमएस, हा वायू तयार होतो. समुद्राचा म्हणून जो ओळखीचा वास येतो त्यात याचा भाग असतो आणि काही समुद्री पक्षी याच वासावरून खाद्य शोधतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स लव्हलॉक 1971-72 मध्ये शॅकलटन या जहाजावरून अंटार्क्टिकाकडे गेले तेव्हा त्यांना तो जागोजागच्या पाण्यात सापडला. आज समजते की समुद्रातून हवेत दर वर्षी डीएमएसच्या रूपाने अडीच ते तीन कोटी टनांच्या घरात गंधक जाते.

हवेत गेल्यावर त्याचे ऑक्सिडीकरण होते. काही भागाचा सल्फर डायऑक्साइड आणि पुढे सल्फ्युरिक आम्ल होते, काही भागाचे मिथेनसल्फॉनिक आम्ल. सल्फ्युरिक आम्लाची वाफ दोन गोष्टी करू शकते : आधीच्या कणांवर जाऊन बसणे किंवा नवे कण जन्माला घालणे. समुद्राला लागून असलेल्या थरात मिठाचे कण पुष्कळ असल्याने वाफ त्यांच्यावरच जाऊन बसते आणि नवे कण क्वचितच जन्मतात. नवे कण तयार होतात ते बऱ्याच उंचीवर, जिथे ढगाने वरच्या हवेतले मोठे कण धुऊन नेलेले असतात आणि गारठाही असतो. तिथे जन्मलेले काही नॅनोमीटरचे कण पुढचे काही दिवस वाढत वाढत, खाली बसणाऱ्या हवेसोबत पुन्हा समुद्राकडे उतरतात. तेव्हा कुठे ते बीजकण व्हायच्या लायकीचे होतात. म्हणजे आज एखाद्या ढगात जो कण थेंब धरतो आहे, त्याचे गंधक कदाचित हजार किलोमीटर मागे आणि आठवडाभर आधी पाण्यातून निघालेले असते.

या वाटेवरचा एक मोठा टप्पा अगदी अलीकडेपर्यंत कोणाला माहीत नव्हता. 2016 ते 2018 दरम्यान दोन्ही मोठ्या महासागरांवरून जवळजवळ ध्रुवापासून ध्रुवापर्यंत उडालेल्या विमानमोहिमेत डीएमएसपासून बनणारा एक नवाच रेणू सापडला. त्याचे नाव लांबलचक आहे, हायड्रोपेरॉक्सिमिथिल थायोफॉर्मेट. पुढे लक्षात आले की ढगांचे थेंब हा रेणू चटकन गिळतात, म्हणून अपेक्षेपेक्षा कमी गंधक सल्फर डायऑक्साइडपर्यंत पोचते. ढग कणांवर अवलंबून आहेत हे आपण शिकतो. कणही ढगांवर अवलंबून आहेत, हे मात्र मागे राहते.

प्लवक ढग वाढवून पृथ्वीला थंड ठेवतात, असे वाचले होते. खरे आहे का?

ती 1987 ची कल्पना. चार्लसन, लव्हलॉक, आंद्रेई आणि वॉरन या चौघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून ती ‘क्लॉ’ गृहीतक म्हणून ओळखली जाते. समुद्र तापला की प्लवक वाढतील, डीएमएस वाढेल, बीजकण वाढतील, ढग उजळतील, ऊन कमी पडेल आणि समुद्र पुन्हा निवेल. अशी साखळी खरी असती तर सजीवांनीच हवामानाला लगाम घातला, असे म्हणता आले असते.

साखळीचे काही दुवे खरे निघाले. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटाच्या वायव्य टोकावर केप ग्रिम येथे 1976 पासून हवेची नोंद ठेवणारे केंद्र आहे. अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागरावरून येणाऱ्या हवेत उन्हाळ्यात डीएमएसपासून बनणारे पदार्थ वाढतात आणि बीजकणही वाढतात, हे तिथे 1991 पर्यंत स्पष्ट झाले होते. पण साखळी बंद होते का, हा खरा प्रश्न होता. 2011 मध्ये क्विन आणि बेट्स यांनी सगळे पुरावे तपासून मांडले की नाही. बीजकणांचे स्रोत अनेक आहेत, डीएमएस बदलला तरी बीजकण त्याच प्रमाणात बदलत नाहीत आणि ढगही बीजकणांना तेवढे सरळ उत्तर देत नाहीत.

माझे मत विचाराल तर ‘क्लॉ’ चुकले म्हणून त्याची किंमत कमी होत नाही. समुद्रजीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि ढगांचा अभ्यास करणारी माणसे त्याआधी एका टेबलाशी क्वचितच बसत. ते खोडून काढण्यासाठी जी मोजमापे करावी लागली, त्यांतूनच आजचे बरेचसे ज्ञान आले आहे.

तुषारात फक्त मीठच असते का?

मोठ्या कणांत जवळजवळ मीठच. बारीक कणांत मात्र सेंद्रिय पदार्थांचा मोठा वाटा असू शकतो. समुद्राच्या पृष्ठभागावर प्लवकांनी सोडलेल्या चरबीयुक्त, प्रथिनयुक्त, चिकट पदार्थांचा एक अतिपातळ थर असतो. वर येणारा बुडबुडा वाटेत असे पदार्थ गोळा करतो आणि फुटताना त्याच्या कातडीत तेच एकवटलेले असतात. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मेस हेड केंद्रात 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत प्लवकांच्या बहराच्या काळात बारीक कणांच्या वस्तुमानात निम्म्याहून जास्त भाग सेंद्रिय निघाला. हिवाळ्यात तो बराच खाली येत होता.

हे पदार्थ मिठाइतके पाणी ओढत नाहीत, पण काही थेंबाचा पृष्ठताण कमी करतात. एक परिणाम थेंब धरणे अवघड करतो, दुसरा सोपे. आणि यातल्या काही तुकड्यांना एक वेगळाच गुण आहे : ते पाणी गोठवतात. त्याकडे दक्षिण महासागराच्या प्रश्नात येऊ.

कण वाढले की ढग जास्त पांढरा का दिसतो?

ढगात पाणी तेवढेच आहे, पण ते वाटून घेणारे थेंब वाढले, असे समजा. प्रत्येक थेंब लहान होतो आणि सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग वाढतो. थेंबांची संख्या दुप्पट झाली तर एकूण पृष्ठभाग सुमारे 26 टक्क्यांनी वाढतो. ऊन परतवायला जास्त पृष्ठभाग, म्हणून ढग उजळ. शॉन टूमी यांनी हे 1974 मध्ये मांडले आणि त्यांच्याच नावाने ते ओळखले जाते.

आता हिशेब करून पाहू. महासागराच्या एखाद्या स्वच्छ कोपऱ्यात दर घन सेंटिमीटरला 50 थेंब असलेला ढग निम्मे ऊन परतवतो आहे. त्यात आणखी 50 थेंबांची भर पडली, तर तो सुमारे 56 टक्के ऊन परतवेल. तीच 50 ची भर मुळातच 500 थेंब असलेल्या, जमिनीजवळच्या ढगात पडली तर फरक जेमतेम पाऊण टक्क्याचा. धुराने भरलेल्या हवेत आणखी थोडा धूर ढगाच्या गावी नसतो. स्वच्छ हवेत मूठभर कणांनी आकाशाचा रंग बदलतो. दूरचे महासागर महत्त्वाचे का, याचे उत्तर मला विचाराल तर या दोन आकड्यांत आहे.

अगदी टोकाचे उदाहरण आर्क्टिकच्या उन्हाळ्यातले. तिथे कधी कधी घन सेंटिमीटरमागे दहाहून कमी बीजकण उरतात आणि वाफ असूनही ढग विरून जातो. थेंब एवढे थोडे आणि म्हणून एवढे मोठे होतात की ते खाली पडून जातात.

आणि पाऊस? मीठ पाऊस आणते की रोखते?

दोन्ही. ते कणाच्या आकारावर आहे.

ढगातला साधा थेंब 20 मायक्रॉन व्यासाचा धरला आणि पावसाचा 2 मिलिमीटरचा, तर एका पावसाच्या थेंबात ढगाचे दहा लाख थेंब मावतात. वाफ जमत जमत एवढी मजल मारता येत नाही. थेंबांनी एकमेकांना धडकून एकत्र यावे लागते आणि त्यासाठी ते कमी-जास्त आकाराचे हवेत, म्हणजे मोठे भरभर खाली पडतील आणि वाटेतल्या छोट्यांना सामावून घेतील. बारीक कण वाढले की सगळे थेंब सारखेच लहान होतात आणि धडका कमी होतात. ब्रूस अल्ब्रेख्ट यांनी 1989 मध्ये सुचवले की यामुळे झिमझिम कमी होऊन ढग जास्त टिकेल.

याउलट मिठाचा एखादा भला मोठा कण, सुका असताना एक मायक्रॉनच्याही वरचा, ढगात शिरला की तो सुरुवातच मोठ्या थेंबाने करतो. आल्फ्रेड वुडकॉक यांनी 1940-50 च्या दशकांत विमानातून काचेच्या बारीक पट्ट्या बाहेर धरून असे कण पकडले, मोजले आणि वारा वाढला की ते वाढतात हे दाखवले. लिटरभर हवेत असे मोजकेच कण असले तरी झिमझिम सुरू व्हायला पुरतात.

आणखी एक बारकावा आहे. जोराच्या वाऱ्यात मीठ फार वाढले तर ते ढगाच्या तळाशी एवढी वाफ ओढून घेते की आर्द्रतेची कमाल पातळीच खाली येते आणि गंधकाचे बारीक कण थेंब धरू शकत नाहीत. म्हणजे बीजकण वाढूनही थेंबांची संख्या घटू शकते.

झिमझिम सुरू झाली की ढगाचे पूर्ण रूप पालटू शकते. उपोष्ण कटिबंधात खंडांच्या पश्चिमेला समुद्रावर जे सखल, चादरीसारखे ढग पसरलेले असतात, ते वरून पाहिले तर मधमाशांच्या पोळ्यासारखे दिसतात : भरलेली घरे आणि मध्ये बारीक फटी. झिमझिम कण धुऊन नेते, कण कमी झाले की थेंब मोठे होतात, थेंब मोठे झाले की झिमझिम वाढते. असे चक्र लागले की पोळे उलटते : घरे रिकामी आणि भोवती ढगांच्या फक्त भिंती. दाट चादरीच्या मधोमध असे खुले खिसे पडतात. 2008 मध्ये चिली आणि पेरूच्या किनाऱ्यापलीकडे झालेल्या मोठ्या मोहिमेत या खिशांतून विमाने नेली गेली आणि आतली हवा बीजकणांनी विलक्षण रिती सापडली.

सगळे संशोधक दक्षिण महासागराकडेच का धावतात?

कारण आज पृथ्वीवर औद्योगिक काळाच्या आधीच्या आकाशाशी सगळ्यात जवळचे आकाश तिथेच आहे, निदान उन्हाळ्यात. आणि कारण तिथल्या ढगांनी हवामानाच्या प्रतिमानांना, म्हणजे संगणकावरच्या मॉडेलना, बराच काळ चकवले.

त्या समुद्रावर बहुतेक वेळ ढग असतात. त्यातल्या बऱ्याच ढगांचे तापमान शून्याच्या खाली असते, पण पाणी गोठलेले नसते. शुद्ध पाण्याचा बारीक थेंब उणे 38 अंशांच्या आसपासपर्यंत द्रवच राहू शकतो. त्याआधी गोठायला त्याला एका खास कणाची, हिमबीजाची गरज असते. जमिनीवर वाळवंटाची धूळ हे काम करते. दक्षिण महासागरावर धूळ फार थोडी पोचते, त्यामुळे हिमबीजे उरतात ती मुख्यतः तुषारांतल्या सेंद्रिय तुकड्यांची. आणि ती फारच कमी आहेत : उणे 20 अंशांना काम करणारी हिमबीजे अलीकडच्या मोजमापांत एका घनमीटर हवेत जेमतेम काही सापडली. केवळ हवेतल्या जिवाणूंच्या जनुकांवरून पाहिले तरी तिथली खालची हवा समुद्राचीच आहे, खंडांवरून आलेली नाही, असे 2020 च्या एका अभ्यासात दिसले.

प्रतिमानांत मात्र ढग जमिनीवरच्या अनुभवाने बेतलेले होते, म्हणून तिथले पाणी लवकर गोठत असे. हिमाचे ढग लवकर बरसतात आणि कमी ऊन परतवतात. परिणामी प्रतिमानांतला दक्षिण महासागर प्रत्यक्षापेक्षा जास्त ऊन शोषत होता. 2018 च्या सुरुवातीला टास्मानियातल्या होबार्टहून विमाने आणि जहाजे नेऊन जी मोहीम झाली ती मुख्यतः हे कोडे सोडवण्यासाठी. समुद्राच्या फेसातल्या मूठभर सेंद्रिय कणांवर एका पूर्ण महासागराचा उष्णतेचा ताळेबंद टेकलेला असावा, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

हे कण मोजतात कसे?

जहाजावर हवा आत ओढून ती किंचित जादा दमट केलेल्या कक्षातून नेतात आणि किती कणांनी थेंब धरला ते लेझरने मोजतात. जहाजाच्या स्वतःच्या धुराचा शिरकाव हा कायमचा शत्रू असतो, म्हणून वारा समोरून असतानाचीच मोजमापे धरली जातात. विमाने थेट ढगातून जातात. प्रयोगशाळेत काचेच्या लांबच लांब हौदात खऱ्या समुद्राचे पाणी भरून लाटा फोडतात. उपग्रह सगळीकडे पाहतो, पण ढगाच्या वरून, आणि बीजकण असतात ढगाखाली.

माणसाच्या प्रदूषणाचा हिशेब करायला समुद्राच्या तुषारांचा अभ्यास कशाला?

कारण वजाबाकीला आधीचा आकडा लागतो. हरितगृह वायूंनी पृथ्वी तापते, तर धुरातले कण ढग उजळवून त्यातली काही उष्णता झाकतात. हवामान बदलावरच्या आंतरशासकीय मंडळाच्या 2021 च्या अहवालात 1750 ते 2019 या काळातला मानवी कणांचा एकूण परिणाम दर चौरस मीटरला उणे 1.1 वॅट (उणे म्हणजे थंड करणारा) दिला आहे, पण शक्यतेची कक्षा उणे 1.7 ते उणे 0.4 एवढी रुंद. कार्बन डायऑक्साइडच्या आकड्याभोवती एवढे धुके नाही.

2013 मध्ये केन कार्सलॉ आणि सहकाऱ्यांनी हे धुके येते कुठून ते शोधले. ढगांमार्फत होणाऱ्या परिणामाच्या अनिश्चिततेत 45 टक्के वाटा नैसर्गिक कणांचा निघाला : ज्वालामुखी, डीएमएस, तुषार आणि असेच इतर. मानवी कणांचा वाटा 34 टक्के, म्हणजे त्याहून कमी. वर पाहिलेला 50 आणि 500 थेंबांचा हिशेब येथे पुन्हा येतो. 1750 चे आकाश किती स्वच्छ होते, यावर आपल्या धुराने किती फरक पडला ते ठरते. आणि 1750 मध्ये कोणी बीजकण मोजले नव्हते. म्हणून आजचा सगळ्यात निर्मळ समुद्र गाठायचा आणि त्याच्याकडून ते शिकायचे.

समुद्रावर काही आयते प्रयोगही घडतात. 1966 मध्ये कॉनोव्हर यांनी उपग्रहाच्या चित्रांत समुद्रावरच्या ढगांत विचित्र उजळ रेघा दिसल्याची नोंद केली. त्या जहाजांच्या धुराने उमटलेल्या होत्या. 1 जानेवारी 2020 पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा 3.5 वरून 0.5 टक्क्यांवर आणली गेली आणि या रेघा झपाट्याने कमी झाल्या. 2014-15 मध्ये आइसलँडमधल्या होलुह्राउनच्या उद्रेकाने सहा महिने समुद्रावर गंधक ओतले. 2017 च्या अभ्यासात दिसले की थेंब स्पष्टपणे लहान झाले, पण ढगातले पाणी फारसे बदलले नाही. 2022 च्या दुसऱ्या अभ्यासाने त्याच उद्रेकात ढगांनी झाकलेले क्षेत्र सुमारे दशांशाने वाढल्याचे सांगितले. टूमी यांचे म्हणणे पक्के झाले, अल्ब्रेख्ट यांच्या म्हणण्यावर अजून वाद आहे.

मग मुद्दाम तुषार उडवून ढग उजळवले तर?

जॉन लॅथम यांनी 1990 मध्ये हेच सुचवले. समुद्राचे पाणी अतिबारीक फवाऱ्याने उडवायचे, म्हणजे सखल ढगांत थेंब वाढतील. 2020 पासून ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरियर रीफवर प्रवाळाला उन्हापासून वाचवता येईल का, हे पाहण्यासाठी छोट्या चाचण्या झाल्या. 2024 मध्ये कॅलिफोर्नियातल्या अलमिडा शहराने तिथली फवाऱ्याची चाचणी थांबवली.

वरचे सगळे वाचले असेल तर अडचणी तुमच्याही लक्षात येतील. कण नेमक्या आकाराचे हवेत. मोठे निघाले तर झिमझिम सुरू होऊन ढगच जाईल. फार झाले तर वाफेवर ताण येईल. ढग मुळात किती स्वच्छ आहे त्यावर परिणाम ठरेल. शिवाय एका ठिकाणी ऊन रोखले की वारे आणि पाऊस दुसरीकडे सरकू शकतात, आणि समुद्राचे आम्लीकरण जसेच्या तसे राहते. मला वाटते, निर्मळ ढग अजून पुरता कळलेला नसताना त्याला मोठ्या प्रमाणावर हात लावण्याची घाई करू नये. छोट्या, उघडपणे केलेल्या चाचण्यांतून मात्र ढगांबद्दल खरे ज्ञान मिळू शकते.

हे सगळे स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल का?

येईल. नासाच्या ‘वर्ल्डव्ह्यू’ या संकेतस्थळावर टेरा आणि अ‍ॅक्वा उपग्रहांची रोजची चित्रे विनामूल्य दिसतात. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याबाहेरचा समुद्र निवडा, तारीख सप्टेंबर किंवा ऑक्टोबरची ठेवा आणि जवळ जा. भरलेल्या घरांचे पोळे दिसेल आणि नशीब असेल तर त्यात पडलेला खुला खिसाही. उत्तर प्रशांत महासागरावर मे ते जुलैमध्ये, 2020 च्या आधीची एखादी तारीख घेतली, तर जहाजांच्या रेघा शोधता येतील. मग 55 दक्षिण अक्षांशावर या आणि कोणतीही तारीख लावा. ढगांशिवाय समुद्र दिसायला बराच वेळ शोधावे लागेल.